दोन कॅरेक्टर ॲरेंमध्ये एकच नाव असूनही तुलना फसते आहे (सी भाषा)

ऐरोली_प्रथमवर्ष (धागाकर्ता)

नमस्कार. मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि सी भाषेतला पहिलाच जरा मोठा प्रोग्राम लिहितो आहे. ठाणे ते वाशी या ट्रान्स-हार्बर मार्गावरील स्थानकांची नावे यादीत ठेवली आहेत. वापरणाऱ्याने चढण्याचे आणि उतरण्याचे स्थानक टंकायचे, दोन्ही एकच असतील तर प्रोग्रामने तसे सांगून थांबायचे आणि वेगळी असतील तर मधे किती स्थानके लागतात ते छापायचे, एवढीच अपेक्षा आहे. अडचण पहिल्याच पायरीवर आली आहे. दोन्ही वेळा वाशी टंकले तरी ‘स्थानके वेगळी आहेत’ असेच उत्तर येते. मूळ प्रोग्राम आणि त्यातली नावे अर्थातच रोमन लिपीत आहेत, इथे वाचायला सोपे जावे म्हणून देवनागरीत उतरवतो:

कॅर चढ[१२], उतर[१२];
स्कॅनएफ("%एस", चढ);
स्कॅनएफ("%एस", उतर);
इफ (चढ == उतर)
  प्रिंटएफ("दोन्ही स्थानके एकच आहेत");
एल्स
  प्रिंटएफ("स्थानके वेगळी आहेत");

तुलनेच्या आधी दोन्ही ॲरे छापून पाहिले, तर पडद्यावर दोन्हीकडे वाशीच दिसते. कंपायलर काहीही तक्रार करत नाही. वर्गातल्या मित्राने == वापरूनच दोन नावांची तुलना करून दाखवली आणि त्याच्याकडे उत्तर बरोबर आले, त्यामुळे माझ्या संगणकातच काही बिघाड असावा अशी शंका येऊ लागली आहे.

महापे_फर्मवेअर

संगणकाला दोष देऊ नका. सी भाषेत ॲरेचे नाव अशा तुलनेत आले की त्याचे रूपांतर त्या ॲरेच्या पहिल्या घटकाच्या पत्त्यात होते. त्यामुळे तुमच्या ओळीचा अर्थ ‘या दोन ॲरेंतली अक्षरे सारखी आहेत का’ असा न राहता ‘हे दोन ॲरे मेमरीत एकाच जागी आहेत का’ असा होतो. सिडकोच्या इमारतीतली दोन घरे आतून हुबेहूब सारखी असली तरी दारावरचे क्रमांक वेगळेच असतात, आणि तुमचा प्रोग्राम आत न डोकावता फक्त क्रमांक वाचून परत येतो आहे. चढ आणि उतर हे दोन स्वतंत्र ॲरे असल्यामुळे तुम्ही काहीही टंकले तरी ‘एकच’ हे उत्तर येणे शक्यच नाही.

मित्राचा कोड न पाहता अंदाज सांगतो. त्याने कळफलकावरून नावे घेतलेली नसणार. दोन पॉइंटर (पत्ता साठवणारे चल) घेऊन दोन्हींना कोडमध्येच अवतरणचिन्हांत तेच नाव दिले असणार. कोडमध्ये तंतोतंत सारख्या स्ट्रिंग (अक्षरांच्या साखळ्या) दोनदा आल्या, तर त्या एकाच जागी ठेवायच्या की वेगळ्या, हे सी भाषेच्या प्रमाणाने कंपायलरवर सोडले आहे आणि बहुतेक कंपायलर जागा वाचवण्यासाठी एकच प्रत ठेवतात. तेव्हा त्याच्याकडे दोन्ही पत्ते खरोखरच एक निघतात आणि == जुळते. त्याला नावे टंकून घ्यायला सांगा, म्हणजे तोही तुमच्या पंक्तीला येऊन बसेल.

अक्षरांची तुलना करायची असेल तर स्ट्रिंग डॉट एच हे हेडर जोडून स्ट्रकंप हे फंक्शन वापरा. शिवाय कंपाइल करताना डब्ल्यू-ऑल हा पर्याय देत जा. जीसीसी या प्रचलित कंपायलरच्या १२व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, दोन ॲरेंची अशी थेट तुलना केली की त्या पर्यायाखाली वॉर्निंग मिळते. मात्र हीच तुलना तुम्ही वेगळ्या फंक्शनमध्ये नेलीत तर तिथे ॲरे नसून पॉइंटर पोहोचलेले असतात आणि मग कंपायलर गप्प बसतो.

घोडबंदर_रोड

एवढ्याशा कामासाठी सी कशाला हवी? पायथनमध्ये == लिहिले की अक्षरांचीच तुलना होते. विषय संपला.

नौपाडा_शिकवणी

विषय संपत नाही, कारण अभ्यासक्रमात सी आहे आणि परीक्षाही सीचीच आहे. शिवाय पायथनमध्येही == च्या आड कोणी तरी बाइटमागून बाइट तपासतच असते. ते काम कसे चालते हे पहिल्या वर्षाला कळावे, म्हणून तर ही भाषा शिकवतात.

ऐरोली_प्रथमवर्ष

महापे सर, मनापासून आभार. मित्राच्या बाबतीत तुमचा अंदाज बरोबर निघाला, त्याने पॉइंटरच घेतले होते. मी आता इफ (स्ट्रकंप(चढ, उतर)) असे लिहिले आहे, पण उत्तर नेमके उलटे झाले आहे. वाशी आणि वाशी दिले तर ‘वेगळी’, ठाणे आणि वाशी दिले तर ‘एकच’.

नौपाडा_शिकवणी

दोन्ही स्ट्रिंग समान असतील तर स्ट्रकंप शून्य परत करते, आणि सी भाषेत शून्य म्हणजे असत्य. हे फंक्शन ‘समान आहेत का’ या प्रश्नाचे हो-नाही असे उत्तर देत नाही. क्रमवारीत आधी कोण आणि नंतर कोण, हे ते सांगते. पहिली स्ट्रिंग आधी येत असेल तर ऋण संख्या, नंतर येत असेल तर धन संख्या आणि दोन्ही जागच्या जागी असतील तर शून्य. म्हणून अटीत == ० लिहावे लागते. काही विद्यार्थी == १ किंवा == -१ अशी तुलना करतात, तीही टाळावी; प्रमाणात फक्त चिन्हाची हमी आहे, आकड्याची नाही, आणि एका कंपायलरवर १ देणारी तुलना दुसऱ्यावर २ देऊ शकते.

माझा एक आग्रह आहे. स्ट्रकंप वापरण्याआधी तेच काम करणारे छोटे फंक्शन स्वतः लिहून पाहा. चार-पाच ओळींचे काम आहे.

महापे_फर्मवेअर

मॅडम, इथे मी सहमत नाही. नवख्याने लिहिलेली तुलना प्रोग्राममध्ये तशीच राहून जाते आणि पुढे तीच त्रास देते. तयार, तपासलेले फंक्शन असताना ते आधी वापरायला शिकावे, आतले यंत्र नंतर उघडावे.

नौपाडा_शिकवणी

नोकरीच्या ठिकाणी तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. शिकताना मात्र स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शून्य बाइट कुठे असतो आणि कशासाठी असतो हे हाताने लूप लिहिल्याशिवाय बहुतेकांच्या डोक्यात बसत नाही, असा माझा अनुभव आहे. लिहून, फसून, मग खोडून टाकायला काहीच हरकत नाही.

ऐरोली_प्रथमवर्ष

दोन्ही करून पाहतो. त्याआधी एक नवा घोळ. == ० लिहिल्यावर ठाणे, रबाळे, वाशी सगळे नीट चालू लागले. पण स्थानकाच्या फलकावर आहे तसे कोपर खैरणे मधे जागा सोडून टंकले, की प्रोग्राम दुसरे नाव विचारायला थांबतच नाही आणि लगेच ‘वेगळी’ म्हणून मोकळा होतो.

घोडबंदर_रोड

स्कॅनएफ %एस वापरले की पहिली मोकळी जागा आली तिथे वाचन थांबते. तुमच्या चढमध्ये कोपर गेले आणि उतरमध्ये खैरणे. गेट्स वापरा, अख्खी ओळ वाचते.

महापे_फर्मवेअर

निदान बरोबर आहे, औषध घातक आहे. कृपया गेट्स कोणीही वापरू नये. समोरच्या ॲरेत जागा किती आहे हे त्या फंक्शनला सांगण्याची सोयच नाही, त्यामुळे टंकणारा जितके टंकेल तितके ते लिहीत सुटते. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने फिंगर या सेवेत शिरण्यासाठी जी फट वापरली, ती याच फंक्शनची होती. तिथे ५१२ बाइटांच्या जागेत त्याहून लांब मजकूर घुसवला गेला. २०११ च्या सी प्रमाणातून गेट्स काढूनच टाकले आहे. अनेक प्रयोगशाळांत अजूनही टर्बो सी चालवतात आणि तिथे ते बिनबोभाट चालते, म्हणून त्याची सवय लागते एवढेच.

तुमचे %एसही त्याच माळेतले आहे. कोपरखैरणे हे नाव जागा न सोडता रोमनमध्ये लिहिले तर १३ अक्षरे होतात, शेवटचा शून्य बाइट धरून १४, आणि तुमचा ॲरे १२ चा. उरलेले दोन बाइट शेजारच्या मेमरीवर लिहिले जातात. एफगेट्स(चढ, साइझऑफ(चढ), स्टडइन) असे लिहा, म्हणजे वाचनाला मर्यादा पडेल.

ऐरोली_प्रथमवर्ष

एफगेट्स लावले. आता वापरणाऱ्याची दोन नावे एकमेकांशी जुळतात, पण यादीतल्या नावांशी एकही जुळत नाही, अगदी वाशीसुद्धा. आणि कोपरखैरणे जोडून टंकले तर प्रोग्राम पुन्हा दुसऱ्या नावासाठी थांबत नाही. छापून पाहिले तर वाशी वाशीच दिसते.

नौपाडा_शिकवणी

‘छापून पाहिले तर वाशी दिसते’ हे तुम्ही पहिल्या प्रश्नातही लिहिले होते. स्ट्रिंग %एसने छापू नका, तिचा एकेक बाइट संख्या म्हणून छापा. शून्यापासून स्ट्रलेनपर्यंत (म्हणजे स्ट्रिंगच्या लांबीपर्यंत), शेवटचा बाइट धरून, लूप चालवायचा आणि प्रत्येक घटक अनसाइन्ड कॅर करून %डीने छापायचा. आलेले आकडे इथे द्या.

ऐरोली_प्रथमवर्ष

यादीतील वाशी: ८६ ९७ ११५ १०४ १०५ ०
टंकलेले वाशी: ८६ ९७ ११५ १०४ १०५ १० ०

टंकलेल्यात १० जास्तीचा आहे.

नौपाडा_शिकवणी

तो १० म्हणजे तुम्ही दाबलेले एंटर. एफगेट्स ओळीच्या शेवटचे नव्या ओळीचे चिन्हही ॲरेत ठेवते. दोन्ही टंकलेल्या नावांच्या शेपटीला ते असल्यामुळे ती एकमेकांशी जुळतात आणि यादीशी जुळत नाहीत. वाचल्यावर लगेच ही ओळ लिहा:

चढ[स्ट्रसीएसपीएन(चढ, "\आर\एन")] = ०;

हे फंक्शन दिलेल्या चिन्हांपैकी पहिले जिथे सापडेल तिथला क्रमांक देते आणि एकही सापडले नाही तर स्ट्रिंगची लांबी देते, त्यामुळे चिन्ह नसले तरी ही ओळ निरुपद्रवी ठरते. शेवटचा बाइट नेहमी १० च असेल असे गृहीत धरून तो आंधळेपणाने खोडण्याची पद्धत यासाठीच टाळावी, कारण नाव लांब असेल तर १० नसतोच आणि शेवटचे अक्षर हकनाक जाते. ‘\आर’ मुद्दाम घातले आहे. पुढे स्थानकांची यादी फाइलमधून वाचाल, ती फाइल विंडोजवर केलेली असेल आणि प्रोग्राम लिनक्सवर चालवाल, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी १० च्या आधी १३ ही दिसेल.

महापे_फर्मवेअर

आणि कोपरखैरणेचे कारण पुन्हा ॲरेच्या लांबीतच आहे. १२ च्या ॲरेत एफगेट्स ११ अक्षरे घेते आणि बारावा बाइट शून्याचा ठेवते. तेरापैकी शेवटची दोन अक्षरे आणि एंटर मागे राहतात, आणि पुढचे एफगेट्स तीच उरलेली ओळ दुसरे स्थानक समजून उचलते. उतरचे बाइट छापलेत तर तिथे ११० १०१ १० ० असे दिसेल. ॲरे ६४ चा करा. ओळ वाचल्यावर तिच्यात १० नसेल तर नाव फार लांब आहे असे सांगून, एंटर येईपर्यंत बाकीची अक्षरे वाचून टाकून द्या.

घोडबंदर_रोड

तुलनेसाठी मेमकंप(चढ, उतर, साइझऑफ(चढ)) का नको? वेगवान आहे.

महापे_फर्मवेअर

कारण ते शून्य बाइटापाशी थांबत नाही. ६४ च्या ॲरेत वाशीची पाच अक्षरे आणि एक शून्य गेला की पुढच्या ५८ जागांत आधीचे जे काही पडलेले असेल तेही ते तपासते, आणि त्या कचऱ्यात फरक निघाला की ‘वेगळी’ म्हणते. रचना ठरलेल्या लांबीची असेल तिथे मेमकंप ठीक, टंकलेल्या नावांसाठी नाही.

ऐरोली_प्रथमवर्ष

आता सगळी स्थानके बरोबर ओळखली जातात. मॅडम, तुम्ही सांगितल्याप्रमाणे स्वतःचे फंक्शनही लिहिले आहे:

इंट तुलना(कॅर क[], कॅर ख[])
  इंट आय = ०;
  व्हाइल (क[आय] == ख[आय])
    आय++;
  रिटर्न क[आय] - ख[आय];

वेगळी नावे दिली तर हे बरोबर चालते. सारखी दिली तर ‘वेगळी’ म्हणते आणि एकदा तर प्रोग्रामच कोसळला.

नौपाडा_शिकवणी

हीच चूक मला हवी होती. वाशी आणि वाशी यांत पाचही अक्षरे जुळतात, सहाव्या जागी दोन्हीकडे शून्य आहे आणि शून्यही शून्याशी जुळतेच, मग लूप थांबणार कशाने? स्ट्रिंग संपली हे त्याला कळतच नाही. तो ॲरेच्या उरलेल्या भागात शिरतो, तिथे फरक मिळाला तर त्याची वजाबाकी परत करतो आणि तिथेही नाही मिळाला तर ॲरेबाहेर जातो. मेमकंपबद्दल महापे सरांनी आत्ता जे लिहिले, तेच इथे घडते आहे, फक्त मर्यादेशिवाय. अट (क[आय] == ख[आय] && क[आय] != ०) अशी करा.

‘क’ संपला पण ‘ख’ लांब आहे, अशा वेळी काय होईल ते कागदावर करून पाहा. तिथे वेगळी अट लागत नाही, आणि का लागत नाही हे समजले की फंक्शन समजले.

महापे_फर्मवेअर

एक भर घालतो, म्हणजे मॅडमना माझा आक्षेप कशासाठी होता तेही कळेल. साधा कॅर ऋण संख्या धरू शकतो की नाही, हे प्रमाणाने ठरवलेले नाही. आपल्या नेहमीच्या इंटेलच्या संगणकावर जीसीसी तो ऋण-धन मानते आणि मी ज्या एआरएमच्या बोर्डांवर काम करतो तिथे सहसा तो फक्त धन असतो. १२७ च्या वरचा बाइट आला की तुमची वजाबाकी एका यंत्रावर ऋण आणि दुसऱ्यावर धन येते, म्हणजे तोच प्रोग्राम दोन ठिकाणी दोन क्रम लावतो. स्ट्रकंप मात्र सगळीकडे बाइट धनच मानते. रिटर्नच्या ओळीत दोन्ही घटक अनसाइन्ड कॅर करून घ्या. नुसती समानता तपासायची असेल तर याने फरक पडणार नाही, क्रम लावायचा झाला की पडेल.

कळव्याची_मी

धागा वाचून माझा प्रश्न इथेच विचारते, वेगळा धागा काढत नाही. मी शुद्धलेखनाच्या सरावाचा छोटा प्रोग्राम लिहिते आहे आणि त्यात शब्द देवनागरीतच आहेत. वर सांगितलेली सगळी काळजी घेतली आहे. तरीही ‘दुसऱ्या’ हा शब्द अगदी बरोबर टंकला तरी काही जणांचा जुळतो आणि काही जणांचा नाही. शिवाय आधी ॲरे १२ चा होता तेव्हा ‘वाशी’चा शेवटचा भाग तुटून तिथे चौकोन येत होता.

बेलापूर_युनिकोड

चौकोनाचे कारण सोपे आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि ‘वाशी’मध्ये व, काना, श आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे आहेत:

२२४ १६४ १८१ / २२४ १६४ १९० / २२४ १६४ १८२ / २२४ १६५ १२८

स्ट्रलेन म्हणूनच याची लांबी १२ सांगते. १२ च्या ॲरेत एफगेट्सने ११ बाइट घेतले, वेलांटीचा तिसरा बाइट बाहेर राहिला आणि अर्धवट चिन्ह दाखवता न आल्यामुळे पडद्यावर चौकोन आला. हे सगळे बाइट १२७ च्या वरचे आहेत, त्यामुळे महापे सरांची सूचना तुम्हाला धागाकर्त्यापेक्षाही जास्त लागू आहे.

‘दुसऱ्या’ची भानगड अधिक चिवट आहे, आणि ती आपल्या लिपीपुरती असल्याने सीच्या पुस्तकांत तिचा उल्लेख सहसा सापडत नाही. हा आडवा र टंकण्याचे किमान दोन मार्ग आहेत. काही कळफलक ऱ हे स्वतंत्र चिन्ह देतात आणि त्यापुढे हलन्त येतो. काही साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह देतात. पहिल्या प्रकारात २२४ १६४ १७७ दिसेल. दुसऱ्यात २२४ १६४ १७६ दिसेल आणि हलन्तानंतर २२६ १२८ १४१ हे तीन जास्तीचे बाइट असतील. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच आहेत, स्ट्रकंपला नाहीत. तिसराही प्रकार कधीकधी भेटतो, र आणि त्याखाली नुक्ता. युनिकोडचे प्रमाणीकरण तो प्रकार ऱ मध्ये मिळवून देते, जोडचिन्हाचा प्रकार मात्र तसाच सोडते.

तुमच्यापुरता उपाय असा की तुलनेआधी दोन्ही शब्द एका छोट्या फंक्शनमधून काढावेत आणि त्यात र, हलन्त, जोडचिन्ह ही नऊ बाइटांची साखळी सापडली की तिच्या जागी ऱ आणि हलन्त लिहावेत. जोडचिन्ह सरसकट खोडू नका, नाहीतर ‘दुसऱ्या’ऐवजी ‘दुसर्या’ होईल.

कळव्याची_मी

बाइट छापले आणि दोन्ही प्रकार डोळ्यांनी पाहिले. बदली करणारे फंक्शन लिहिल्यावर शब्द जुळू लागले. आता शब्द क्रमाने लावताना ‘कळवा’ हे ‘कसारा’च्या आधी येते आहे. वर्णमालेत ळ तर हनंतर आहे.

बेलापूर_युनिकोड

स्ट्रकंपला वर्णमाला ठाऊक नाही. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा लच्या लगेच नंतर आणि व, श, ष, स, ह यांच्या आधी बसवलेला आहे आणि बाइटही त्याच क्रमाने वाढतात. भाषेच्या क्रमाने लावायचे असेल तर स्ट्रकंपच्या जागी स्ट्रकोल वापरून पाहा, पण त्याआधी मेनच्या सुरुवातीला सेटलोकेल बोलवून मराठी लोकेल (त्या भाषेचे नियम) निवडावे लागते. ते न केल्यास स्ट्रकोल स्ट्रकंपसारखाच क्रम लावते. ते लोकेल संगणकावर बसवलेले नसेल तर सेटलोकेल नल परत करते, तेव्हा तेही तपासा, आणि निवड झाल्यावर ळ नेमका कुठे बसतो ते ‘कळवा’, ‘कसारा’ आणि ‘कल्याण’ एवढ्या तीनच नावांची यादी लावून आधी पाहून घ्या.